वाट बदलणाऱ्या मुलांकडून शिष्यवृत्तीची वसुली नको

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि शिष्यवृत्ती समितीचे सर्व सभासद,
वडोदरा

सप्रेम नमस्कार.

मंडळाच्या फलकावर शिष्यवृत्तीचे नवे नियम लागले आहेत. ते वाचल्यापासून मला स्वस्थ बसवत नाही. यंदापासून मदत फक्त इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी, कॉम्प्युटर, सीए आणि एमबीए करणाऱ्यांनाच मिळणार. ज्याने मधेच अभ्यासक्रम बदलला त्याची मदत बंद होणार, आणि तोवर दिलेली सगळी रक्कम पालकांनी सहा महिन्यांत परत करायची. वाचनालयाला लागून असलेली मार्गदर्शनाची खोली एका कोचिंग क्लासला भाड्याने जाणार. आणि गुणगौरव समारंभात यापुढे प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला मिळालेलं पॅकेज वाचून दाखवणार.

आपल्यापैकी निम्म्या जणांना मी लहानपणापासून काका-काकू म्हणत आले आहे. घरी येऊन बोलता आलं असतं. पण हा प्रश्न एका मंडळापुरता राहणारा नाही. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यापासून मकरपुऱ्यापर्यंत कॉलेजच्या वयातल्या मराठी मुलांना हात देणाऱ्या संस्था या शहरात आहेत आणि एकीने केलेला नियम दुसरी उचलते. शिवाय ज्या मुलांना हे नियम लागणार, त्यांना किंवा त्यांच्या आईवडिलांना त्या सभेत कुणी बोलावलं नव्हतं. म्हणून हे पत्र सगळ्यांनी वाचावं असं मला वाटतं. मंडळाचं नाव मी घातलेलं नाही, कारण मला बदनामी करायची नाही, निर्णय बदलून घ्यायचा आहे.

मी याच शिष्यवृत्तीवर शिकले. वडील मांडवीच्या एका पेढीवर मेहताजी होते, घरात आम्ही तिघी बहिणी. मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी. केमिस्ट्रीला गेले. पुढे बी.एड. करायचं आणि शाळेत लागायचं, हे घरात ठरलेलं होतं. मला त्यात वाईट काही वाटत नव्हतं आणि ओढही वाटत नव्हती. शेवटच्या वर्षाला असताना एका मैत्रिणीबरोबर सहज म्हणून विद्यापीठाच्या म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्राच्या विभागात गेले. हा विभाग 1952 पासून आहे, देशात हा विषय शिकवायला इथेच सुरुवात झाली, आणि आमच्या घरात त्याचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नव्हतं.

तिथे एक जुना मोडी कागद चक्क पाण्यात घालत होते. आता हा विरघळणार, असंच मला वाटलं. पण तो हातकागद होता, चिंध्यांच्या लगद्याचा. शाईवर थेंब टाकून ती पसरते का हे आधीच पाहून झालं होतं. कागदाखाली आधाराला जाळी, पसरट ट्रे, त्यात स्वच्छ पाणी. बघता बघता कागदातून चहाच्या रंगाचं पाणी सुटायला लागलं. ते ओतून दुसरं घातलं, मग तिसरं, आणि शेवटी चुन्याची निवळी. आम्लामुळे ठिसूळ झालेल्या कागदाला चुन्याची निवळी का मानवते, हे मी वर्गात आम्ल आणि अल्कलीच्या प्रकरणात शिकलेच होते. त्या ज्ञानावर कुणाच्या तरी खापरपणजोबांचा वतनाचा कागद वाचतो, हे मात्र मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी माझं काही ठरलं बिरलं नाही. मी नुसती पुन्हा पुन्हा जात राहिले. कोरड्या मऊ ब्रशने एकेका पानावरची धूळ काढायची, पानांना पेन्सिलीने बारीक आकडे घालायचे, कसर लागलेल्या कडा मोजायच्या, हे काम बाकीच्यांना नको वाटायचं. माझी दुपार त्यात कशी जायची कळायचं नाही. मग मंडळाकडे गेले. तेव्हाच्या कार्यवाहांनी विचारलं, यात नोकरी कुठे असते? मला धड उत्तर देता आलं नाही. ते रागावले नाहीत. विभागातल्या सरांना स्वतः जाऊन भेटले, चौकशी केली आणि पुढच्या दोन वर्षांची मदत मंजूर करून दिली. आज मी घराण्यांची दप्तरं, देवस्थानांच्या रोजकीर्दी म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वह्या, जुन्या संस्थांची इतिवृत्तं सावरण्याचं काम करते. श्रीमंत झाले नाही, पण यावर माझं घर चाललं आणि मुलगा शिकला.

आजच्या नियमांत माझा अर्ज पहिल्याच टेबलावर बाद झाला असता. माझ्या जागी आज जे उभे आहेत त्यांच्यासाठी मी बोलते आहे.

आधी त्या यादीबद्दल. यादीतले अभ्यासक्रम चांगले आहेत आणि महागही आहेत, यात वाद नाही. पण त्यांच्यासाठी मदतीचे दुसरे दरवाजे उघडे आहेत. शैक्षणिक कर्ज द्यायला बँका इंजिनिअरिंगच्या मुलाला हसून या म्हणतात, नाट्यशास्त्राच्या मुलाला म्हणत नाहीत. गुजरात सरकारची 2015 पासूनची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना घ्या. तिच्यात इंजिनिअरिंगच्या फीसाठी वर्षाला 50 हजारांपर्यंत मदत आहे, तर बीए-बीकॉमसाठी 10 हजारांपर्यंत. फीमधला फरक लक्षात घेतला तरी सरकारचा हात कुठे सैल आहे ते दिसतंच. जिथे दुसरं कुणी देत नाही तिथे मंडळाने उभं राहायचं, हीच आपली पद्धत होती. नव्या यादीने ती मोडली.

यादीमागचा विचार मला समजतो. मूल लवकर कमावतं व्हावं, घराला हातभार लागावा. पण खात्रीचं क्षेत्र कुठलं हे आपण आज सांगणार आणि मूल त्यात उतरणार चार-पाच वर्षांनी. आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल, आयपीसीएलमध्ये चिकटला की पोरगा मार्गी लागला असं म्हणत. 1969 मध्ये निघालेली सरकारी कंपनी, तिची टाउनशिप, तिच्या बसगाड्या. मुलीच्या बापाला तेवढं नाव पुरायचं. 2002 मध्ये सरकारने हिस्सा विकला आणि कंपनी खासगी हातात गेली, 2007 मध्ये विलीन झाली आणि तिचं वेगळं नाव उरलं नाही. त्या वेळी मंडळाने यादी केली असती तर पहिल्या ओळीत काय असतं, ते आपणच सांगा.

आपल्या सभागृहात सयाजीराव महाराजांची तसबीर आहे, दर 11 मार्चला आपण तिला हार घालतो. या माणसाने 1886 मध्ये मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा दिली. 1890 मध्ये प्राध्यापक गज्जरांकडून कलाभवन उभं करून घेतलं आणि तिथे रंगाई, चित्रकला, यंत्रविद्या एका छपराखाली शिकवायला सुरुवात केली. 1910 मध्ये अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणले आणि त्यांच्याकडून ग्रंथपालनाचे वर्ग चालवून घेतले. ग्रंथपाल हा एक व्यवसाय असतो हे तेव्हा देशात किती जणांना ठाऊक होतं? आज विद्यापीठात टेक्नॉलॉजी फॅकल्टी आहे ती कलाभवनातून आलेली आणि परफॉर्मिंग आर्ट्स आहे ती त्या गायनशाळेतून. दोन्ही एकाच राजाने लावलेली. नव्या यादीत पहिली आहे आणि दुसरी नाही.

त्याच कलाभवनात धुंडिराज गोविंद फाळके शिकले. त्याआधी मुंबईत जे.जे.मध्ये होते. नंतर गोध्र्याला फोटोग्राफर झाले, पुरातत्त्व खात्यात आरेखक झाले, लोणावळ्याला छापखाना काढला. 1913 मध्ये त्यांचा पहिला चित्रपट लागला तेव्हा ते 43 वर्षांचे होते. आपल्या नियमाने त्यांच्या घरी किती वेळा वसुलीची नोटीस गेली असती! अरविंद घोष 1893 मध्ये इथे नोकरीला आले ते सर्व्हे सेटलमेंट खात्यात. मग महसूल, मग सचिवालय, आणि शेवटी बडोदा कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवायला. संस्थानाने त्यांना खाती बदलू दिली, त्यातून एक शिक्षक हाती लागला.

आणि बाबासाहेब. 1913 मध्ये महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्रही वाचलं. त्या शिष्यवृत्तीला परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याची अट होती, हे मी लपवत नाही. ते 1917 मध्ये ती पाळायला आलेही होते. या शहराने त्यांना राहायला जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं आणि सयाजीबागेत झाडाखाली बसायची वेळ त्यांच्यावर आणली. अट मोडली ती शहरामुळे. मुलगा करार पाळत नाही असं म्हणण्याआधी आपण त्याला काय वागणूक दिली हे पाहायची सवय निदान वडोदऱ्याच्या संस्थांना तरी असायला हवी.

आता वसुलीचा नियम. मला सगळ्यात जास्त तोच लागला आहे.

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षातला एक मुलगा आहे. वडील मकरपुरा जीआयडीसीत लेथवर काम करतात. बारावीला गणिताचा ए ग्रूप होता, मार्क बरे होते, मग इंजिनिअरिंग. दोन सेमिस्टरमधल्या एटीकेटी, म्हणजे राहिलेले विषय, त्याने घरी सांगितलेल्या नाहीत. हा मुलगा आपल्या ओळखीचा आहे. गणेशोत्सवात आपल्या नाटकांची प्रकाशयोजना गेली काही वर्षं तोच करतो. गेल्या वर्षी प्रयोगाच्या दुपारी डिमर बोर्ड बिघडला. तेव्हा त्याने कुठून तरी जुना बोर्ड आणला, वायरिंग स्वतः तपासलं आणि दुसऱ्या अंकातल्या पहाटेचा प्रकाश असा चढवला की पुढच्या रांगेत आपण सगळे सावरून बसलो होतो. टाळ्या आपणही वाजवल्या होत्या. त्याला नाट्यविभागात जायचं आहे. यंत्रांशी त्याचं वैर नाही, ती कशासाठी चालवायची हे त्याला कळलं आहे. त्याचे वडील मला भेटले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ताई, वसुली किती येईल?

मुलगा चुकीच्या जागी आहे हे त्या बापाला कळलं आहे, पटलंही आहे. तरी त्याला तिथेच बसवून ठेवावं लागणार, कारण तीन सेमिस्टरचे पैसे सहा महिन्यांत भरणं त्याला शक्य नाही. नियमाने मुलं टिकतील असं समितीला वाटत असेल. मला दिसतं ते असं, की मुलं लपवायला शिकतील. निकाल दाखवणार नाहीत, परीक्षेला बसल्याचं सांगून बसणार नाहीत, आणि चार वर्षांनी आपल्या हातात ना इंजिनिअर येईल ना दुसरं कुणी. पैसे तेव्हाही गेलेलेच असतील, उलट जास्त.

ज्याच्या घरी पैसा आहे त्याला वाट बदलण्याची मुभा आधीपासूनच आहे. अलकापुरीतल्या मुलाला एक वर्ष फुकट घालवता येतं, बाप रागावतो आणि दुसरी फी भरतो. आपल्या शिष्यवृत्तीवरच्या मुलाला तेवढी मुभा मंडळाच्या पैशातूनच मिळत होती. ती काढून घेतली की शोधायचा हक्क फक्त पैसेवाल्यांचा राहतो.

आणि दंड कशाचा? दहावीनंतर ए की बी, सायन्स की कॉमर्स, हे पंधराव्या वर्षी ठरतं. बारावीनंतर पोर्टलवर पसंतीक्रम भरताना मुलं सतरा-अठराची असतात. ज्या कामाला त्यांनी हात लावलेला नाही, जे करणारं माणूस त्यांनी पाहिलेलं नाही, ते जन्मभर कराल का असं आपण त्यांना विचारतो आणि हो म्हणवून घेतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी घेऊन थांबता येतं, मिळवलेली क्रेडिट खात्यावर जमा राहतात आणि पुढे परतता येतं. त्याची अंमलबजावणी सगळीकडे नीट आहे असं मी म्हणत नाही. पण देशाचं धोरण मुलाला थांबायला आणि वळायला जागा ठेवतं आणि त्याच्याच समाजाचं मंडळ त्याच्यामागे वसुली लावतं, हे मला पटत नाही.

दुसरी एक मुलगी आहे, एस.वाय.बी.कॉम.ला. आई पहाटेपासून पोळ्यांच्या ऑर्डरी करते. आपल्याच मंडळाच्या मोडी वर्गात ती आली आणि सहा महिन्यांत शुहूर सनाचे, म्हणजे जुन्या कागदांतल्या कालगणनेचे, इहिदे, इसन्ने, सलास असे आकडे घडाघडा वाचायला लागली. एकदा माझ्या टेबलावर एका देवस्थानाची रोजकीर्द होती. ती वाचता वाचता म्हणाली, काकू, आदल्या दिवशीची अखेरची शिल्लक आणि दुसऱ्या दिवशीची आरंभीची शिल्लक जुळत नाही, मधलं पान कुठे आहे? मी ते दप्तर किती दिवस हाताळत होते. पान हरवलेलं नव्हतं, शिवताना चौदा पानं मागे गेलं होतं. ते तिला जमाखर्चाने सापडलं. बी.कॉम. पुरं करून तिला म्युझिऑलॉजीला जायचं आहे. कार्यालयात तिला सांगितलं की ते यादीत नाही, एमबीए कर. मोडी वाचणारी माणसं मिळत नाहीत म्हणून आपणच दरवर्षी वार्षिक अहवालात खंत व्यक्त करतो. वाचणारी, हिशेब समजणारी, कागदाला हळुवार हात लावणारी एक मुलगी आपल्याच वर्गातून तयार होते आहे आणि आपणच तिला दार दाखवतो आहोत.

खोलीबद्दल. बाहेरून पाहणाऱ्याला त्या खोलीत काही नाही. एक टेबल, प्रॉस्पेक्टस भरलेलं कपाट, मंद चालणारा कॉम्प्युटर. रविवारी सकाळी रिफायनरीतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, सयाजी हॉस्पिटलमध्ये नोकरी केलेल्या एक सिस्टर, बँकेतले एक अधिकारी आणि मी, असे जमेल तसे बसतो. मुलं येऊन जे विचारतात ते कुठल्या व्याख्यानात विचारता येत नाही. रात्रपाळीत झोप येत नाही का? रक्त पाहून चक्कर येते, तर नर्सिंगला जाऊ नको का? पगार पहिल्या महिन्याला हातात किती पडतो? साहेब ओरडले तर काय करायचं? सिस्टर एका मुलीला म्हणाल्या होत्या, रक्ताची सवय होते, रात्री तीन वाजता तेच तेच चार्ट भरायचा कंटाळा येतो का ते बघ. मला याहून चांगलं मार्गदर्शन माहीत नाही. प्रत्येक कामाचा एक रटाळ भाग असतो आणि तो किती सोसतो यावरून कळतं की काम आपलं आहे का. हे ते काम रोज करणारं माणूसच सांगू शकतं.

त्याऐवजी आपण वर्षातून एकदा वक्ता बोलावतो. तो तासभर सांगतो की स्वतःची आवड ओळखा आणि तिच्यामागे जा. मुलं टाळ्या वाजवतात, घरी जातात, आणि रात्री पंख्याकडे बघत पडतात की आपल्याला तर आवडच नाही. आवड आधी सापडते आणि काम नंतर, असं फार थोड्यांचं होतं. बाकीच्यांना काम हाताखालून जावं लागतं. त्यासाठी ती खोली आहे.

मंडळाला पैशाची गरज आहे, हे मी मानते. छप्पर गळतं, लाइटबिल वाढलं आहे. पण कोचिंग क्लासला सोमवार ते शनिवार सभागृह सकाळच्या वेळात देता येईल, ते तसंही रिकामं असतं. खोली रविवारी सकाळी चार तास आमच्याकडे राहू द्या.

पॅकेज वाचून दाखवण्याबद्दल थोडंच लिहिते. कागदावरचा आकडा आणि हातात पडणारा पगार यांत किती अंतर असतं हे सभागृहात बसलेल्या प्रत्येक नोकरदाराला माहीत आहे. बालवाडीत लागलेली मुलगी, संशोधनासाठी पुढे शिकणारा मुलगा, वडील आजारी म्हणून दुकान सांभाळणारा मुलगा, यांची नावं आकड्याशिवाय वाचली जातील तेव्हा त्यांच्या आयांनी कुठे पाहायचं? हा समारंभ गुणांचा गौरव करायला सुरू झाला होता.

समितीची बाजू मला कळत नाही असं नाही. देणगीदारांचा पैसा आहे. दोन-तीन मुलांनी मदत घेतली, वर्गात पाऊल ठेवलं नाही आणि विचारल्यावर आता मला दुसरं काही करायचं आहे असं सांगून मोकळी झाली, हे मलाही ठाऊक आहे. भरकटणं आणि वळणं यांत फरक असतो, आणि तो ओळखायला अवघड नाही. वळणारं मूल आधीच कुठेतरी जाऊन काम करत असतं. त्याला विचारा, कुणाकडे जातोस, काय शिकलास, त्यातलं काय नकोसं वाटलं. उत्तर देता देता कळतं. माझ्या वेळच्या कार्यवाहांनी हेच केलं होतं, एका दुपारी, सायकलवर जाऊन. सगळ्यांना एका दंडात बांधलं की समितीचे कष्ट वाचतात, एवढंच.

आणि घरात कमावणारं एकच माणूस असेल, डोक्यावर कर्ज असेल, तर मुलाने लवकर नोकरी धरावी हे मीही सांगते. मी रविवारी तसं सांगितलेलंही आहे. पोट पाहायचंच. पण तो निर्णय त्या घराने, आपल्या परिस्थितीकडे बघून घ्यावा. फलकावरच्या यादीने तो परस्पर घेऊ नये.

माझ्या मागण्या अशा. अभ्यासक्रमांची यादी रद्द करा, मदत गरज आणि मुलाची मेहनत पाहून द्या. वसुलीचा नियम मागे घ्या. पहिल्या दोन वर्षांत एकदा वाट बदलायची मुभा ठेवा, अट एवढीच की मुलाने लेखी कारण द्यावं आणि त्या क्षेत्रातल्या एका माणसाशी बोलून यावं. अशी माणसं शोधून द्यायची जबाबदारी आम्ही रविवारचे चौघे घेतो. हजेरी नसेल, मूल खोटं बोलत असेल, तर मदत थांबवा, त्याला माझी हरकत नाही. मार्गदर्शनाची खोली भाड्याने देऊ नका. समारंभात पॅकेज वाचू नका. शिष्यवृत्ती समितीत सध्या शिकत असलेली दोन मुलं घ्या, त्यांतली एक मुलगी असू द्या.

आणखी एक मागणी आहे, थोड्या खर्चाची. दरवर्षी पाच-सहा मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे कुणाच्या तरी हाताखाली कामाला ठेवा. छापखाना, पॅथॉलॉजी लॅब, वकिलाचं ऑफिस, टूलरूम, शाळा, ग्रंथालय, जिथे मंडळाचा सभासद आहे तिथे. मुलाला जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवणाचा खर्च द्या. पहिल्या वर्षी दोन मुलांचा हा खर्च मी करते.

सर्वसाधारण सभा गणेशोत्सवानंतर आहे आणि अर्जांची मुदत या महिनाअखेर संपते. सभेपर्यंत थांबलं तर यादीबाहेरच्या मुलांचं वर्ष हातचं जाईल. म्हणून नवे नियम सभेपर्यंत स्थगित ठेवा आणि सर्व अभ्यासक्रमांचे अर्ज जुन्या नमुन्यावर स्वीकारा, असं कार्यालयाला याच आठवड्यात कळवा. ज्या दोघांबद्दल मी वर लिहिलं त्यांचे अर्ज भरून तयार आहेत. सोमवारी सायंकाळी कार्यालय उघडल्यावर मी त्यांना घेऊन येते आहे. अर्ज घेतले तर पोचपावती द्यावी, नाकारले तर कारण लेखी द्यावं. या पत्राचं उत्तर मला घरी न पाठवता नियम लावले त्याच फलकावर लावावं.

आपली,
याच शिष्यवृत्तीवर शिकलेली एक सभासद
दांडिया बाजार, वडोदरा